हक्कसोडीची पंधरा मिनिटं

दोन हजार अकरा साल. गदगला दस्तलेखक हिरेमठ यांच्याकडे मी टायपिंग करायचे. आमचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा. गिऱ्हाइकं कंटाळतात म्हणून साहेबांनी, चालू होताना आपोआप उघडणारे बिनकामाचे प्रोग्रॅम बंद केले. मशीन मिनिटात उठू लागलं. सोमवारी एका बहिणीनं काही विचारायच्या आतच हक्कसोडीवर सही केली. त्या संध्याकाळी ते सगळे प्रोग्रॅम मी गुपचूप पुन्हा चालू केले.

मंगळवारी दोघे भाऊ त्यांच्या बहिणीला, निलव्वाला, घेऊन आले. भावांनी घेतलेलं नवं इरकल लुगडं नेसून ती बसली होती.

"अक्का, किती वेळ?" थोरल्यानं विचारलं.

"म्हातारा बैल आहे बाबा, हळूच उठणार. चहा पिऊन या."

ते गेल्यावर निलव्वा म्हणाली, "सही कशाला गं हवी यांना?"

"वडलांच्या रानातला तुझा वाटा सोडायला."

"मला वाटा आहे?"

"भावांएवढाच."

भाऊ परतले तेव्हा ती म्हणाली, "लुगडं धुऊन परत देते. वाटा माझा मलाच राहू दे."

पुढं साहेबांनी नवा कॉम्प्युटर घेतला, जुना मला दिला. निलव्वा आपल्या दीड एकरात मिरची पिकवते. रुसलेला धाकटा तिसऱ्या वर्षी तिला पंचमीला माहेरी न्यायला आला.

थोरला गेल्या वर्षी माझ्या दारात उभा राहिला.



"अक्का, माझी पोरं उद्या माझ्या लेकीला हक्कसोडीला नेतायत. माझं कोण ऐकतंय? तो तुमचा म्हातारा बैल एका दिवसापुरता देता का?"