अर्धा भाव

बोर्लीच्या दुकानात पासष्ट इंची टीव्ही अर्ध्या किमतीला लावला होता. चंदरचा पाय तिथून निघेना. त्याची बायको केसर मासळी विकून रिकामी टोपली घेऊन तशीच आलेली. तिने टीव्ही आधी पुढून पाहिला, मग मागून.

"एवढा स्वस्त कसा? काय खोट हाय?"

"खोट कसली, केसरताई," दुकानदार हसला. "परवा दुपारी तुम्ही नाही का मला अर्ध्या भावात सुरमई दिलीत? घरचं गिऱ्हाईक म्हणून. तसंच हे."

केसरने टोपली उचलली आणि चंदरला बाहेर काढलं.

"का गं, काय झालं?"

"परवा ती सुरमई मी आपल्या घरी रांधली का?"