व्याह्यांची परवानगी

"या बारीले नाही," म्हणत चंद्रभान व्याह्यांनी नारळ परत सरकवला.

महादेवरावांच्या अंगात वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर झोपून झोपून पाठीचा पार खुळखुळा झाला होता. तिथूनच हिंगण्याची बस धरून ते लेकीच्या सासरी आले होते. मागे मुलाला, पियुषला, रक्ताचा कॅन्सर झाला आणि बहिणीच्या, कामिनीच्या, मूळपेशी जुळल्या, तेव्हाही ते असेच आले होते. दिल्या घरची पोरगी. तिच्या अंगातलं काही घ्यायचं तर सासरी विचारायला नको? तेव्हा व्याही लगेच हो म्हणाले होते. पियुष बरा झाला, पुन्हा शेतावर जाऊ लागला. आणि मग मानेला गाठ आली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

ही गाठ जुन्या कॅन्सरची नव्हती. ती कामिनीनं दिलेल्या पेशींतूनच वाढली होती.

"डॉक्टर म्हणते, असं क्वचित एखाद्याले होते," महादेवराव पाठ केल्यासारखं सांगत होते. "एक विषाणू सगळ्यायच्याच अंगात झोपून राहते. पियुषची रोगाशी लढाची ताकद औषधानं दाबून ठेवली होती, म्हणून तो विषाणू उठला अन् गाठ झाली. कामिनी ठणठणीत आहे, तिच्या पेशी त्याले दाबून ठेवतात. तिच्याच पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या तर गाठ जिरू शकते. औषधं सगळी करून झाली. आता एवढंच राहिलं."

"म्हणजे तिच्याच पेशींनं कॅन्सर झाला न?" सासू यमुताई बोलल्या. "उद्या लोक म्हणतीन, यायची सून खराब रक्ताची. आमचा लहाना अजून लग्नाचा आहे. पुन्हा सुई लावाची असंन, तर तिले कायमचीच घेऊन जा."

महादेवरावांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही पंख्याकडे पाहत होते. इकडे आड, तिकडे विहीर. तिकडे पोरगा तापानं फणफणलेला, इकडे पोरीचा संसार. विचार करायचाही त्यांना कंटाळा आला होता.

"राहू द्या मंग," ते म्हणाले. "पोरीचं घर मोडून मले पोरगा नाही वाचवाचा."

बोलून गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. भिंतीला हात टेकून ते कसेबसे उठले.

कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक तशीच. किती वेळची उभी होती, कोणाला ठाऊक.

"बाबा, मागच्या बारीले तुम्ही घरातल्या सगळ्यायले विचारलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आजही त्यायलेच विचारून राहिले. पेशी माह्या आहेत. बसा खाली, अन् मले विचारा."

महादेवराव बसले. पोरीला काही विचारायचं म्हणजे सुरुवात कशी करतात, हेच त्यांना सुचेना.