आधी नावं

"आधी नावं. तक्रार नंतर," वकीलबाई म्हणाली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा मोफत कायद्याचा सल्ला मिळायचा. चष्मेवाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तक्रारीची जुळणी घरूनच करून आली होती. कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे, सगळं. तिनं आपलं नाव सांगितलं, मग आपल्या दादाचं. वकीलबाईनं ते कॉम्प्युटरवर टाकलं आणि तिचे हात थांबले.

"तुमचं काम मला घेता येणार नाही."

"अहो, मी अजून तोंडही उघडलं नाही!"

"नकाच उघडू. कारण विचारू नका, सांगता येत नाही. नियम आहे."

चष्मेवाली काही दुधखुळी नव्हती. "म्हणजे दादा आधीच येऊन गेलाय. तुम्ही त्याच्या वकील!"

वकीलबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. कागद सारखे करत राहिली. पण चष्मेवाली उठली तेव्हा दारापर्यंत आली. "नोटीस वगैरे नंतर. आधी भावाशी बोला. एवढं ऐका माझं."

"वा! त्याची वकील मला थांब म्हणणार, आणि मी थांबू?"

रस्ताभर तिनं जमाखर्च मांडला. चष्म्याचं दुकान वडिलांनी नावावर केलं मुलाच्या आणि चालवायला दिलं मुलीला. दादा बस चालवायचा. दुकानात यायचा तो स्वतःच्या चष्म्यापुरता. इतकी वर्षं त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. मग मागच्या महिन्यात दादा एका अनोळखी माणसाला घेऊन आला. त्यानं टेप लावून दुकान मोजलं, छत न्याहाळलं, बाजारभाव पुटपुटला. "कोण रे हा?" म्हटलं तर दादा म्हणाला, "असाच, ओळखीचा." त्यानंतर दादा फिरकला नव्हता. त्याच्या चष्म्याची काच तडकल्याचं कानावर आलं होतं, तरीही. तेही तिनं त्याच्याच खात्यावर टाकलं. आता त्यात वाचनालयाची भर. बेरीज एकच येत होती: दादानं दुकान विकायला काढलंय.

"समोरच्यानं वकील केला म्हणजे तुम्हाला उशीर झाला, ताई," शेजारचा न्हावी म्हणाला. तो केसांचे पैसे घेई, सल्ला फुकट देई. कात्री दोन्हीकडे सारखीच चाले.

पैसे घेणारा वकील चौकातच होता. त्याला नावं आधी नको होती, फी आधी हवी होती. तेवढी गल्ल्यात नव्हती. तेव्हा चष्मेवालीनं काचा घासायचं मशीन विकलं. दादानं आपल्या पहिल्या बोनसमधून घेऊन दिलेलं मशीन. ते टेम्पोत चढलं तेव्हा ती रडली, पण दुकानात गिऱ्हाईक नाही हे बघून.

नोटीस दादाच्या घरी गेली.

दादा आला तो भर दुपारी, ड्यूटीच्या कपड्यांतच. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. खिशातून नोटीस काढून काउंटरवर ठेवली.

"वाच."

"तू वाचली नाहीस?"

"या काचेतून बारीक अक्षर दिसतंय कुठे? तुझ्या वहिनीनं वाचून दाखवली, मुलांसमोर. पण तुझं काही आलं की ती पदरचं घालून वाचते. म्हटलं, तुझ्याच तोंडून ऐकावं."

ती वाचू लागली. "आमच्या अशिलाच्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन..." तिनं कागद खाली केला. दादानं बोटानं खूण केली, पुढे. "...हावरटपणाने दुकान परस्पर विकून सख्ख्या बहिणीला रस्त्यावर आणण्याचा तुमचा डाव..." शेवटच्या ओळीपर्यंत त्यानं तिला थांबू दिलं नाही.

"म्हणजे वहिनीनं काही वाढवलं नव्हतं," दादा म्हणाला.

तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "थांब, काच तरी बदलून देते," म्हणत सवयीनं मागे वळली. मशीनच्या जागी भिंतीवर नुसता चौकोन उरला होता, रंग न उडालेला. चष्म्याशिवायही दादाला तेवढं दिसलं.

त्यानं फक्त चष्म्यासाठी हात पुढे केला.

"दादा, खरं सांग. त्या वाचनालयात कशाला गेला होतास?"

त्यानं तडकल्या काचेचा चष्मा चढवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या.

"दुकान तुझ्या नावावर करायला. आधी किंमत काढावी लागते म्हणे, म्हणून तो टेपवाला आणला होता. पगार सगळा तुझ्या वहिनीच्या हातात, म्हणून वकील फुकटातली गाठली." तो उठला आणि दारापाशी घुटमळला. "सगळं उरकायचं होतं गं, वहिनीला कळायच्या आत."