माथ्याच्या अलीकडे दोनशे पावलं

तिसऱ्या वळणावर म्हातारबा थांबले आणि त्यांनी काठीने बर्फावर दोनदा टकटक केली.

"काय म्हणतोय बर्फ?"

"वर भुसभुशीत, खाली काच," ती म्हणाली. "परवा ऊन, काल थंडी. बुटांना खिळे इथेच बांधायचे. पुढे बांधू म्हणणारा पुढे नसतो."

म्हातारबा खूश झाले, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ. "वाक्य माझंच आहे ते."

"बाकीचीही तुमचीच येतील. तयारी ठेवा."

म्हातारबांनी चाळीस हिवाळे या डोंगरावर माणसं नेली होती. वाट चुकलेल्या एका ढगालाही आपण बोटाला धरून खाली सोडलंय, असं ते सांगत, आणि ऐकणारे निमूट मान डोलवत. नऊ वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकायला आली तेव्हा चालायची कमी, घसरायची जास्त.

आज परीक्षा होती. हिवाळ्यात माणसं वर न्यायची तर मार्गदर्शकाचा बिल्ला लागतो. तो मिळणार की नाही, हे या एका चढाईवर ठरायचं होतं. बिल्ला नसेल तर डोंगर फक्त खालून बघायचा.

सकाळी निघताना पायथ्याची चहावाली तिच्या कानाशी लागली होती. "पोरी, घाबरू नकोस हं. म्हातारबांपुढे भल्याभल्यांची बोबडी वळते."

"माझीही वळलीय," ती म्हणाली होती.

घळीपाशी दोघांनी कमरेला एकच दोर बांधला. म्हातारबांनी गाठ तीनदा ओढून पाहिली. तिने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

"काय खरडतेस?"

"विसरू नये म्हणून."

शेवटच्या धारेवर आले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. माथा दोनशे पावलांवर. वाटेवरचा बर्फ नुकत्याच घातलेल्या गादीसारखा गुळगुळीत. तिने पुढे होऊन काठी खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली, कशालाच अडली नाही.

"खाली दगड नाही. नुसता बर्फच कड्याबाहेर लोंबतोय. इथून परत."

"अगं, दोनशे पावलं! ऊन तापायच्या आत जाऊन येऊ."

"नाही."

"डरपोक म्हणतील."

"म्हणू देत."

"चाळीस हिवाळ्यांत माथ्याला हात लावल्याशिवाय परतलो नाही मी. खाली काय तोंड दाखवू?"

"हेच. धड असलेलं."

म्हातारबांनी एक पाऊल पुढे टाकलं. ती ओरडली नाही. तिने टाचा रोवल्या आणि बर्फात फतकल मारून बसली. दोर ताणला गेला. म्हातारबांनी एक हिसका दिला, मग दुसरा. ती हलली नाही.

"ऊठ."

"तुम्ही वळलात की उठते."

म्हातारबांनी माथ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ते वळले.

उतरताना ते चढणीच्या आपल्याच खुणांवर पाय ठेवत गेले.

"एवढ्यात आलात?" चहावाली म्हणाली. "माथा?"

"राहिला," ती म्हणाली. बाकावर बसून तिने वहीचं एक पान भरलं, ते फाडलं आणि म्हातारबांपुढे धरलं. डोळे वर उचलवेनात.

म्हातारबांनी चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी कोट खाली ओढून ताठ केला.

"सगळ्यांना चहा माझ्याकडून!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या बाकावरचे लोकही वळून बघू लागले. "दर तीन वर्षांनी बिल्ला नवा करायला परीक्षक येतात आणि माझ्या नावाला भिऊन मला पास करून जातात. आज पहिल्यांदा एकीने मला नापास केलंय, आणि तिला मी शिकवलंय!"