मुरायला ठेवलेली बिअर

अच्युतरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. महिन्यापूर्वी घरी केलेली बिअर कच्च्या सफरचंदासारखी लागत होती. सतार अर्धवट सुटली, गच्चीवरचे गुलाब वाळले, आता हेही फसलं! "दादा, एक तरी गोष्ट तडीस ने रे," हा धाकट्या भावाचा टोमणा आठवून ते बाटल्या मोरीत ओतायला उठले.

"थांबा!" कीर्तनाहून परतलेल्या कमलिनीबाई दारातूनच म्हणाल्या. "आख्यान सुरू व्हायच्या आधीच उठून जाणाऱ्यांतले तुम्ही! दोन महिने मुरू द्या तिला."

"तुला बिअरमधलं काय कळतं?"

"तुमच्यातलं कळतं ना!" असं म्हणत त्यांनी बाटल्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.

दोन महिन्यांनी भाऊ आला. अच्युतरावांनी ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला. भावाने घोट घेतला, डोळे मिटले, आणि एका दमात ग्लास संपवून पुढे केला. "दादा, आण अजून!"

अच्युतरावांचा चेहरा उजळला. पण त्यांनी उरलेल्या बाटल्या पोटाशी धरल्या. "नाही. या आणखी दोन महिने मुरू देत."

"अरे दादा, जन्मात कधी थांबला नाहीस," भाऊ कळवळला, "आणि आजच बरा थांबायला शिकलास!"