विलायती तेल

"तुझ्या घाण्याला काय कळणार यातलं? खास विलायती तेल आहे हे!" संस्थानच्या शर्यतीच्या विमानाचे इंजिनिअर कर्णिकसाहेब मला म्हणाले.

मी जातीचा तेली. डबा नुसता हुंगला. "साहेब, हे तर एरंडेल."

"गाढवा!" म्हणाले, आणि तासभर नव्या इंजिनाची महती सांगत बसले. नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ!

चाचणीला स्वतःच बसले. पुढ्यात अख्खं इंजिन पंख्यासकट गरगरत होतं, तोंडावर तेल उडवत होतं. पण यांचं तोंड मिटेल तर शपथ! वरूनही ओरडून आम्हाला शिकवत होते.

तिसऱ्या दिवशीच्या चाचणीनंतर उतरले ते महाराजांना घातलेला मुजरा अर्धवट टाकून थेट ज्वारीत पळाले.

मी तांब्या भरून बांधावर गेलो. "साहेब, पाणी आणलंय. देशी आहे, चालेल ना?"