बरगडीत

"बरगडीत घाल," मॅनेजर पेगेरो तोंडावर हात धरून म्हणाला. समोरच्या संघाला ओठ वाचता येतात, म्हणून हात.

एलिसेओने चेंडू बोटांत फिरवला. एकोणीस वर्षं तो बेसबॉलमध्ये चेंडू फेकून पोट भरत होता. अमेरिकेत, मेक्सिकोत, आणि आता परत घरी, आपल्या बेटावर, सान पेद्रोत. उजव्या कोपरावर दोन शस्त्रक्रियांचे व्रण होते. वेग गेला होता, पण नेम शाबूत होता. म्हणेल तिथे चेंडू टाकतो, एवढ्यावरच या मोसमात त्याला जागा मिळाली होती.

सामना केव्हाच हातातून गेला होता. फलंदाजीला दार्लिन आला होता, वीस वर्षांचा. मघाशी त्याने चेंडू कुंपणापार धाडून होमरन मारला होता आणि पेगेरोकडे बघत कंबर हलवत चारही बेस फिरला होता.

"ऐकलंस ना, म्हाताऱ्या? त्याला जरा शिस्त लागू दे."

"नाचला तो. मारल्यावर मीही नाचलो असतो."

"ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"मग आज तरी नीट खेळू द्या."

पेगेरो पाय आपटत परत गेला. फलंदाजामागे बसलेल्या कॅचरने झेलायचा हातमोजा दार्लिनच्या अंगाकडे धरला. एलिसेओ हलला नाही. कॅचरने पुन्हा तिथेच धरला. एलिसेओ तसाच उभा. ढोल वाजायचे थांबले, लोक शिट्ट्या मारू लागले. शेवटी हातमोजा मधोमध आला.

पहिला चेंडू दार्लिनने सोडला. दुसरा हुकला. तिसरा त्याने असा हाणला की तो कुंपणापलीकडच्या माडांत गेला. दार्लिन पुन्हा नाचला. "घरी जा, आजोबा," कुणीतरी वरून ओरडलं. एलिसेओने मान खाली घातली नाही. दार्लिन चौथ्या बेसवर पाय ठेवीपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.

सामन्यानंतर एलिसेओ कपडे बदलायच्या खोलीत आला तेव्हा त्याचं कपाट रिकामं करून सामान बाकावर ठेवलेलं होतं. दारात बातमीदार उभे होते. रेडिओवाल्या अल्टाग्रासियाने माइक पुढे केला.

"काय झालं आज? नेम चुकला?"

"नाही. त्या पोराच्या अंगावर चेंडू मारायला सांगितलं होतं. मी मारला नाही."

असं कुणी बोलत नाही.

"तोंड सांभाळ," पेगेरो मागून म्हणाला. "या बेटावर तुला परत कुणी चेंडू हातात देणार नाही."

"नका देऊ." एलिसेओने माइक स्वतःच्या हातात घेतला. "मेक्सिकोत एकदा मी मॅनेजरचं ऐकलं होतं. तिथेही बरगडीतच सांगितलं होतं. पोरगा ऐनवेळी वाकला. त्याचा डोळा गेला. तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, एलिसेओच्या हातून चेंडू निसटला. आता हे लिहा. निसटला नव्हता."